चष्मा उतरविण्यापूर्वी

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा नाकावर बसणाऱ्या चष्म्याचा. एके काळी या दोन्ही गोष्टी माणसाच्या वाट्याला एकाच सुमारास येत, म्हणून भाषेने त्यांना एकच नाव दिले. आज ती जोडी मोडली आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या नाकावर चष्मा दिसतो आणि विशीतल्या मुलामुलींना तो नकोसा झालेला असतो. कोणाला पोलिसांत भरती व्हावयाचे असते, कोणाला रंगभूमीवर उभे राहावयाचे असते, तर कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरत असते. अशा वेळी चष्मा कायमचा उतरविणाऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघते. दवाखान्यात पाऊल टाकताच लॅसिक, पीआरके, स्माइल, आयसीएल अशी चार-पाच नावे कानांवर पडतात आणि प्रत्येक नावाचे मूल्य निराळे असते. ‘यांतली सर्वांत चांगली कोणती?’ असा प्रश्न मग आईवडील करतात.

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याची मांडणी चुकलेली आहे. चांगले कापड कोणते, असे विचारता येते. कारण कापड कोणाच्याही अंगावर तेच राहते. डोळ्याचे तसे नाही. एका डोळ्याला जी शस्त्रक्रिया सुखाची ठरेल, तीच दुसऱ्या डोळ्याला आयुष्यभराचे दुखणे लावून देऊ शकेल. म्हणून ‘चांगली कोणती’ याऐवजी ‘या डोळ्याला कोणती मानवेल आणि एखादी तरी मानवेल काय’ असे विचारले पाहिजे. असे विचारणे का आवश्यक आहे, हे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते.

डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल बसविलेले असते. त्याला कॉर्निया म्हणतात. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळवून ते आतल्या पडद्यावर एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा कॉर्निया करतो. उरलेले काम बाहुलीमागचे नैसर्गिक भिंग करते. नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब असला, अथवा कॉर्नियाचा बाक अधिक असला, तर किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे अंधूक दिसते. हीच लघुदृष्टी, म्हणजे उणे नंबर. चष्म्याची काच हा दोष डोळ्याबाहेर राहून भरून काढते. शस्त्रक्रिया तेच काम डोळ्यातच करू पाहते. ती एकतर कॉर्नियाचा बाक बदलते किंवा आत एक नवे भिंग ठेवते. पुढची सारी नावे या दोन मार्गांच्या उपशाखा आहेत.

ज्याच्यावर एवढा भार, तो कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नेत्रवैद्य ही जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुष्कळांचा कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या आसपास भरतो. शस्त्रक्रियेची सारी पुंजी एवढीच. त्यातून जे काढले जाते, ते पुन्हा भरून येत नाही.

या पुंजीचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, याची साक्ष इतिहासात आहे. जपानमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्सुतोमु सातो या नेत्रविशारदांनी कॉर्नियाला आतील आणि बाहेरील अशा दोन्ही बाजूंनी बारीक छेद देऊन त्याचा बाक उतरविण्याचा प्रयोग केला. रुग्णांचे नंबर उतरले, चष्मे गेले आणि प्रयोग यशस्वी मानला गेला. परंतु कॉर्नियाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियातील पाणी उपसून त्याला स्वच्छ ठेवण्याचे काम तो करतो आणि माणसाच्या शरीरात तो पुन्हा उगवत नाही. त्या थराचे हे महत्त्व त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. वर्षे लोटली, दशके लोटली आणि त्या रुग्णांपैकी पुष्कळांचे कॉर्निया सुजून पांढुरके पडले. ज्या डोळ्यांना एका काचेखेरीज कशाचीच उणीव नव्हती, ते डोळे अधू झाले. सातो निष्काळजी नव्हते. त्यांनी जे पाहिले, ते पहिल्या काही वर्षांचे होते आणि घात त्यानंतर झाला.

पुढे १९७०च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी आतील थर वाचवून केवळ बाहेरच्या बाजूने, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची पद्धत रूढ केली. ती अमेरिकेतही पसरली. तेथे या रुग्णांवर दहा वर्षे लक्ष ठेवून १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. शंभरांतील ४३ डोळ्यांचा नंबर त्या काळात एक डायॉप्टर अथवा त्याहून अधिक उलट दिशेला, म्हणजे अधिक नंबराकडे, सरकला होता. छेद दिलेला कॉर्निया वर्षानुवर्षे सैलावत गेला होता. १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या चढाईवर असलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांच्यावर ही शस्त्रक्रिया झालेली होती. विरळ हवेत, प्राणवायूच्या अभावी, छेदांजवळचा कॉर्निया फुगला, त्याचा आकार बदलला आणि शिखराखालीच त्यांची दृष्टी गेल्यासारखी झाली. त्यांना तेथेच थांबावे लागले आणि त्या दिवशीच्या वादळात ते सापडले. ते वाचले, परंतु हिमदंशाने त्यांचा उजवा हात गेला. सपाटीवरच्या शहरात जी शस्त्रक्रिया निर्दोष वाटत होती, तिची परीक्षा निराळ्याच ठिकाणी झाली.

ही पद्धत आता मागे पडली आहे. तिची जागा लेझर किरणांनी घेतली आणि त्या कथेत एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ सालच्या नोव्हेंबरात, सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी उरलेले टर्की पक्ष्याचे तुकडे प्रयोगशाळेत नेले आणि त्यांवर एक्सायमर नावाच्या लेझरचे अदृश्य जंबुपार किरण सोडले. किरण जेथे पडले तेथे स्वच्छ खाच पडली. आजूबाजूला जळल्याची खूण दिसली नाही. हे किरण जाळीत नव्हते. ते रेणूंचे बंधच तोडून पदार्थाचा अत्यंत पातळ थर उडवून देत होते. एका स्पंदासरशी कॉर्नियाचा सुमारे पाव मायक्रॉन निघतो, एवढी ती सूक्ष्मता आहे. न्यूयॉर्कचे नेत्रविशारद स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ साली हे तंत्र डोळ्याच्या उपयोगाचे असल्याचे श्रीनिवासन यांच्यासमवेत दाखवून दिले. छेद देण्याचे युग संपून कोरण्याचे युग सुरू झाले ते येथून.

आता निवडीसाठी समोर येणाऱ्या पद्धतींकडे वळता येईल.

पहिली पीआरके. हीत कॉर्नियावरची नाजूक त्वचा बाजूला करून उघड्या पृष्ठभागावर लेझर चालविला जातो. त्वचा तीन ते पाच दिवसांत पुन्हा येते, परंतु ते दिवस वेदनेचे, पाणी गळण्याचे आणि उजेड न सोसण्याचे असतात. नजर पूर्ण स्थिर होण्यास कित्येक आठवडे लागतात. मोठ्या नंबरात पुढे धूसरपणा येण्याचा धोकाही राहतो. त्यासाठी औषध वापरतात आणि उन्हापासून डोळे जपण्यास सांगतात. एवढे सोसावयाचे कशासाठी? तर या पद्धतीत कॉर्नियात पापुद्रा कापला जात नाही, त्यामुळे त्याचे बळ अधिक शिल्लक राहते आणि पुढे आघात झाला तरी सरकण्यासारखे तेथे काही नसते.

दुसरी लॅसिक. ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या आयोनिस पालिकारिस यांनी १९८९च्या सुमारास ती प्रथम करून दाखविली. कॉर्नियाचा साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा एक गोल पापुद्रा कापून तो पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालच्या भागावर लेझर चालवितात आणि पान पुन्हा मिटतात. पूर्वी हा पापुद्रा पात्याने कापीत. आता बहुधा दुसऱ्या एका लेझरने कापतात. दुखणे थोडे आणि दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसू लागते, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. पण पापुद्रा पूर्वीच्या बळाने कधीच जुळत नाही. डोळ्यावर जोराचा फटका बसल्यास कित्येक वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणे आहेत. शिवाय कापताना कॉर्नियाचे मज्जातंतू तुटतात आणि ते पुन्हा येईपर्यंत, काही महिने, डोळे कोरडे पडतात.

तिसरी स्माइल. जर्मनीतील वॉल्टर झेकुंडो व मार्कुस ब्लुम यांनी ती पुढे आणली आणि अमेरिकेत तिला २०१६ साली मान्यता मिळाली. हीत लेझरच्या साहाय्याने कॉर्नियाच्या आतल्या आतच एक चिमुकली चकती आखली जाते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढली जाते. पापुद्रा नसल्याने तो सरकण्याचे भय नाही. मज्जातंतू कमी तुटत असल्याने सुरुवातीच्या महिन्यांतला कोरडेपणाही बहुधा कमी असतो. तथापि ही पद्धत मुख्यतः उणे नंबरासाठी आहे. नंबर थोडा शिल्लक राहिल्यास याच मार्गाने पुन्हा जाता येत नाही. बहुधा पीआरकेचा आधार घ्यावा लागतो.

या तिन्हींत एक समान गोष्ट आहे. तिन्ही कॉर्नियाच्या पुंजीतून खर्च करतात. तो खर्च किती, याचा अंदाज साध्या बेरजेने येतो. एका नंबरामागे ढोबळ मानाने १५ मायक्रॉन कोरावे लागतात असे धरले, तर उणे चार नंबरासाठी ६० मायक्रॉन जातात. लॅसिकमध्ये पापुद्र्याचे ११० धरले, तर ५४० मायक्रॉनच्या कॉर्नियात खाली ३७० उरतात. हे समाधानकारक आहे. आता दुसरा डोळा घ्यावा. कॉर्निया ४९० मायक्रॉनचा आणि नंबर उणे नऊ. कोरावयाचे १३५ आणि पापुद्र्याचे ११०, म्हणजे खाली उरणार २४५. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत, असा संकेत आहे. यंत्र कितीही नवे असले तरी हा हिशेब बदलत नाही. मर्यादा ओलांडली तर आतल्या दाबाने उरलेला पातळ कॉर्निया हळूहळू पुढे फुगून शंकूसारखा होऊ लागतो आणि मग चष्म्यानेही धड दिसत नाही. काहींच्या कॉर्नियात ही शंकूकडे झुकण्याची प्रवृत्ती मुळातच दडलेली असते. वरवरच्या तपासणीत ती कळत नाही. कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढल्यावरच कळते. म्हणून असा नकाशा काढल्यावाचून शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या ठिकाणाहून परत फिरावे, हेच शहाणपणाचे.

ज्यांचा नंबर मोठा आणि कॉर्निया पातळ, त्यांच्यासाठी आयसीएल हा दुसरा मार्ग आहे. बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक मऊ, पातळ भिंग सरकवून ठेवतात. कॉर्निया कोरला जात नाही आणि प्रसंगी भिंग काढताही येते, हा त्याचा मोठा गुण. परंतु ही डोळ्याच्या आत शिरून केलेली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाल्यास गंभीर ठरतो. भिंगासाठी आत पुरेशी खोली असावी लागते. पुढे मोतीबिंदू अथवा डोळ्यातील दाब वाढण्याचा संभव असतो. यास्तव नियमित तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

चाळिशी ओलांडलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. या वयात नैसर्गिक भिंगाची लवचिकता ओसरते आणि जवळचे दिसेनासे होते. कॉर्निया कोरून दूरचा नंबर घालविला, तरी वाचनाचा चष्मा येतोच. नुसत्या उणे नंबराचा माणूस चष्मा काढून वर्तमानपत्र वाचीत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर त्याची तीही सोय जाते. पन्नाशीनंतर काहीजण नैसर्गिक भिंगच काढून कृत्रिम भिंग बसवून घेतात. मोतीबिंदूची चाहूल लागलेली असेल तर ते योग्यही असते. परंतु तिशीतल्या मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात तसे केल्यास पडदा सुटण्याचा धोका वाढतो.

पडद्याचा उल्लेख आला, तेव्हा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. नंबर गेला म्हणजे लघुदृष्टी बरी झाली, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. लांबलेला नेत्रगोल लांबच राहतो आणि त्यावर ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो. चष्मा गेला तरी पडद्याची वार्षिक तपासणी सुटत नाही. डोळ्यांपुढे एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, विजेसारखे चमकू लागले किंवा एका बाजूने सावली चढू लागली, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे गेले पाहिजे.

मग या शस्त्रक्रिया वाईट आहेत काय? मुळीच नाही. योग्य डोळ्यावर योग्य पद्धत वापरली असता बहुसंख्य लोक समाधानी असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या लॅसिकविषयक पाहणीतही तेच आढळले. ज्यांना पूर्वी दिव्याभोवती वलये दिसत, त्यांतील काहींची ती तक्रार गेली. परंतु ज्यांना पूर्वी असा कोणताही त्रास नव्हता, त्यांतील शंभरापैकी ४०हून अधिक जणांना तीन महिन्यांनंतर वलये, चमक किंवा दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही नव्याने जाणवू लागले होते. त्यांपैकी फारच थोड्यांच्या कामात त्यामुळे मोठा अडथळा आला. तरीही रात्री मालमोटार हाकणाऱ्याला अशी वलये जेवढी महाग पडतील, तेवढी ती दिवसा कचेरीत बसणाऱ्याला पडणार नाहीत.

येथे डोळ्याइतकेच माणसाच्या जीवनक्रमाला महत्त्व येते. कुस्ती, कबड्डी अथवा मुष्टियुद्ध खेळणाऱ्याने पापुद्रा कापणारी पद्धत टाळावी. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत, ज्याला संधिवातासारखा रोगप्रतिकारशक्तीचा विकार आहे, त्याने फार विचार करावा. गरोदरपणात आणि मूल अंगावर पीत असताना नंबर स्थिर नसतो, म्हणून तेव्हा शस्त्रक्रिया करू नये. नंबर निदान वर्षभर तरी बदललेला नसावा. विशीच्या आत तो बदलत राहण्याचा संभव असतो. नोकरीसाठी शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर त्या नोकरीचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत. रेल्वेच्या सहायक इंजिनचालकांच्या २०२४ सालच्या भरतीत ही शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र मानले गेले; सैन्यदलांच्या काही शाखांत ती अटींवर चालते. एका नोकरीचे दार उघडण्यासाठी केलेला खर्च दुसरीचे दार कायमचे बंद करू शकतो.

आणि लग्न? मुहूर्त पंधरा दिवसांवर आला असताना मुलीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे हा अविचार होय. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्या तपासणीपूर्वी काही दिवस, कठीण प्रकारच्या असल्यास काही आठवडे, बंद ठेवाव्या लागतात. नाहीतर दाबल्या गेलेल्या कॉर्नियाचे मोजमापच चुकते. नजर स्थिरावण्यास त्यापुढेही वेळ लागतो. डोळ्याला लग्नाची तिथी कळत नाही. आणि केवळ चष्म्यासाठी मुलगी नाकारणाऱ्या घराचा विचार तिच्या आईवडिलांनी शस्त्रक्रियेच्या आधी केलेला बरा.

ज्यांनी सर्व बाजूंनी विचार करून निर्णय घेतला असेल, त्यांनी नेत्रवैद्याला काही प्रश्न न संकोचता विचारावेत. माझ्या कॉर्नियाची जाडी किती? शस्त्रक्रियेनंतर ती किती उरेल? माझ्या नकाशात शंकेची जागा आहे काय? काही बिघडल्यास पुढचा उपाय कोणता? शस्त्रक्रियेपूर्वीची सर्व मोजमापे लेखी घेऊन घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावीत. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा कोणते भिंग बसवावे हे ठरविताना या आकड्यांची मदत होते. कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्यातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू लपून राहू शकतो. म्हणून पुढे भेटणाऱ्या प्रत्येक नेत्रवैद्याला या शस्त्रक्रियेची माहिती देणे अगत्याचे आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आंधळेपणा टाळण्यासाठी होते. तेथे न करण्यातही धोका असतो. येथे डोळा निरोगी आहे आणि न करण्यात एका चष्म्यापलीकडे काहीच तोटा नाही. म्हणूनच येथे घाई क्षम्य नाही. सातोंच्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेनंतर चष्म्यावाचून दिसत होते. निर्णय घेणाऱ्याने उद्या सकाळी किती स्पष्ट दिसेल एवढेच न पाहता, साठीत आपल्याला कसे दिसेल, हेही विचारावे. सर्व तपासण्या करून एखाद्या नेत्रवैद्याने ‘तुमच्या डोळ्यांना यांतली कोणतीच नको’ असे सांगितले, तर निराश होऊन दुसरे दार ठोठावू नये. त्याचे आभार मानावेत आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवावा.